बेघराचा वशिला

मराठी ख्रिस्ती घरांमध्ये चर्चच्या सभासदांना मिळून ‘मंडळी’ म्हणतात. चर्च म्हणजे इमारत. मंडळी म्हणजे दर रविवारी तिथं जमणारी आणि एरवी एकमेकांच्या बाळंतपणाला, आजारपणाला, मयताला धावून जाणारी माणसं. या लेखासाठी मला हा शब्द फार सोयीचा आहे, कारण अमेरिकेत ज्या गोष्टीबद्दल मी सांगणार आहे ती इमारतीची नाही, मंडळीचीच आहे. यहुद्यांचं सिनेगॉग, मशीद, गुरुद्वारा यांच्याभोवतीही असाच गोतावळा असतो, तोही यात धरायचा.

धर्मस्थळानं भुकेल्याला जेवू घालणं, रात्रीपुरती पथारी देणं आपल्याला नवीन नाही. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभारल्या त्या याच भावनेतून. पण धर्मशाळेतून कधीतरी निघावं लागतं. निघाल्यावर स्वतःच्या नावानं भाडेकरार, स्वतःच्या हातात किल्ली आणि सहा महिन्यांनीही तेच घर, हे एखादी मंडळी करून देऊ शकते का? अमेरिकेत हा प्रयोग बऱ्याच ठिकाणी झाला. त्यातल्या त्यात कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरचा मला सर्वांत समजून घेण्यासारखा वाटतो.

बिअरवाला महापौर आणि चर्चं

जॉन हिकनलूपर २००३ मध्ये डेन्व्हरचे महापौर झाले. मूळचे भूवैज्ञानिक. तेलधंद्यातल्या मंदीत नोकरी गेली, बराच काळ बेकार राहिले आणि १९८८ मध्ये शहरातल्या जुन्या गोदामांच्या भागात त्यांनी आणि साथीदारांनी स्वतः बिअर बनवून विकणारं पब काढलं. पुढे ते राज्याचे गव्हर्नर आणि नंतर सिनेटर झाले. आपल्याकडे महापौर हे बहुतांशी मानाचं पद असतं आणि खरा कारभार आयुक्तांकडे. डेन्व्हरचा महापौर मात्र दोन्ही असतो, त्यामुळे त्यानं मनावर घेतलं तर गोष्टी हलतात.

त्या वर्षांत केंद्रातलं बुश सरकार शहरांच्या मागे लागलं होतं की बेघरपणा दहा वर्षांत संपवण्याची योजना करा. शेकडो शहरांनी केली. डेन्व्हरनं २००५ मध्ये ‘डेन्व्हर्स रोड होम’ या नावानं केली आणि तिच्यात एक कलम धर्मसंस्थांसाठी होतं. शहरात चर्च-सिनेगॉगांची काही कमतरता नाही. एकेका मंडळीनं एकेक कुटुंब किंवा एकेक म्हातारं माणूस पाठीशी घेतलं तर? कुटुंबं आणि ज्येष्ठ अशा दोघांसाठी हा उपक्रम चालवायला डेन्व्हर रेस्क्यू मिशन ही संस्था पुढे आली. ही १८९२ पासूनची. शहरातल्या तिच्या निवाऱ्यावर ‘येशू तारतो’ अशा अर्थाची निऑनची पाटी वर्षानुवर्षं झळकते आहे.

योजना ऐकायला अगदी साधी. कुटुंबाला डिपॉझिट आणि पहिल्या भाड्यापुरती मदत मिळवून द्यायची, आणि घरात पाऊल ठेवल्यापासून पुढचे काही महिने मंडळीतल्या चार-सहा जणांच्या गटानं त्यांच्या संपर्कात राहायचं. या गटातल्यांना तिकडे ‘मेंटॉर’ म्हणतात. मराठीत ‘मार्गदर्शक’ म्हटलं की पीएचडीचे सर डोळ्यांसमोर येतात, म्हणून मी त्यांना पाठीराखे म्हणेन.

अडतं कुठे?

पाठीराख्याची गरज का पडते, हे कळायला आधी भाड्याचं गणित पाहू. उदाहरण काल्पनिक आहे, पण आकडे ओढूनताणून घेतलेले नाहीत. समजा, एक आई आणि दोन मुलं. आई हॉटेलात साफसफाईचं काम करते. डेन्व्हर शहराचं किमान वेतन २०२५ मध्ये ताशी १८.८१ डॉलर होतं. आठवड्याला चाळीस तास पूर्ण भरले तर महिन्याचे साधारण ३,२६० डॉलर, कर कापायच्या आधी. पण अशा कामांत चाळीस तास मिळतातच असं नाही. तीस मिळाले तर २,४४५. अमेरिकन सरकारी हिशोबात उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंतचं भाडं ‘परवडणारं’ समजतात. म्हणजे या बाईला परवडणारं भाडं सातशे-साडेसातशे डॉलर. आता तिला दोन खोल्यांची जागा १,५०० ला मिळाली असं धरू. पहिल्या दिवशीच हातात हवेत पहिल्या महिन्याचे १,५०० आणि डिपॉझिटचे आणखी १,५००. शिवाय अर्जाची फी. ती प्रत्येक घरासाठी वेगळी आणि नकार आला तरी परत न मिळणारी.

तोवर ती राहते कुठे? गाडीत, बहिणीच्या दिवाणखान्यात, नाहीतर आठवड्याच्या बोलीवर मिळणाऱ्या मोटेलात. मोटेलाचे आठवडे जोडले तर महिन्याला घरभाड्याहून जास्त पैसे जातात. जास्त भाडं ती भरतेच आहे, फक्त सुट्टं सुट्टं भरते आहे. एकरकमी तीन हजार तिच्या हातात कधीच साठत नाहीत.

पैसे जमले तरी पुढे कागद आहेत. पूर्वी कधी भाडं थकून कोर्टानं घराबाहेर काढलं असेल, तर ती नोंद घरमालकांना भाडेकरूंची माहिती पुरवणाऱ्या कंपन्यांच्या अहवालात सात वर्षांपर्यंत दिसू शकते. क्रेडिट स्कोअर पाहतात. उत्पन्न भाड्याच्या तिप्पट हवं, अशी अट अनेक घरमालक घालतात. कोलोरॅडोनं २०२३ मध्ये कायदा करून ती जास्तीत जास्त दुप्पट इतकी खाली आणली आणि डिपॉझिटही दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येणार नाही असं ठरवलं. दुप्पट धरलं तरी आपल्या उदाहरणातल्या बाईला ३,००० हवेत. चाळीस तासांच्या आठवड्यात ती पास, तीस तासांच्या आठवड्यात नापास.

पुण्या-मुंबईत भाड्यानं जागा शोधलेल्या कुणालाही यातलं निम्मं ओळखीचं वाटेल. सोसायटीचं ना-हरकत, पोलीस व्हेरिफिकेशन, ‘बॅचलर चालणार नाहीत’. आपण यातून सुटतो कसे? बहुतेक वेळा कुणीतरी फोन करतं म्हणून. मामेभाऊ, ऑफिसातले साहेब, दलालाच्या ओळखीचा दलाल. वडिलांनी उसने दिलेले पन्नास हजार. आपण याला बेघरपणावरचा उपाय म्हणत नाही, वशिला म्हणतो आणि वर नाक मुरडतो. बेघर माणसाची गोची अशी की तो वशिला त्याच्या बाबतीत संपलेला असतो. बहिणीच्या सोफ्यावर तीन महिने काढले की बहिणीकडे पुन्हा शब्द टाकता येत नाही. डेन्व्हरच्या योजनेनं मंडळीकडे पैशापेक्षा काही मागितलं असेल तर ते हेच: ज्याचं कुणी उरलं नाही त्याचा वशिला व्हा.

किल्ली मिळाल्यानंतर

हे पाठीराखे नेमकं करतात काय? वाचायला फार रोमांचक नाही. एकजण दर आठवड्याला बसून जमाखर्च लिहायला मदत करतो. एकीजवळ गाडी असते, ती डॉक्टरकडे नेते. डेन्व्हर पसरलेलं शहर आहे, बसनं दोन ठिकाणं करायची तर दिवस जातो. एकजण मुलांच्या शाळेचं पाहतो. घरात गाद्या, भांडी, शॉवरचा पडदा, पोछा यांची जमवाजमव मंडळी हौसेनं करते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक मंडळ्यांचा उत्साह या टप्प्याला सर्वांत जास्त असतो. अवघड महिना तिसरा किंवा चौथा. पडदे लागलेले असतात, फोटो काढून झालेले असतात आणि गाडीचा गिअरबॉक्स जातो. गाडी नाही म्हणजे कामावर जाता येत नाही, कामावर नाही म्हणजे भाडं नाही. अशा वेळी ‘दुरुस्तीला चारशे डॉलर आहेत का, आणि घरमालकाशी आज बोलायचं की सोमवारी’ हे विचारायला एक माणूस असणं, एवढ्यावर पुढचं वर्ष ठरू शकतं. भाडं थकायच्या आधी केलेला फोन आणि थकल्यावर आलेली नोटीस यांत फार अंतर असतं.

अशा कामात पाठीराख्यांना आधी शिकवावं लागतं, आणि शिकवण्यातला मोठा भाग ‘काय करायचं नाही’ याचा असतो. हातात रोख पैसे ठेवायचे नाहीत. द्यायचेच तर संस्थेमार्फत, थेट घरमालकाला किंवा वीज कंपनीला. तिच्या घरात न सांगता टपकायचं नाही. तिचं बिऱ्हाड, तिचे निर्णय. तिनं टीव्हीसाठी हप्ता घेतला तर तो तुम्हाला पटला नाही तरी चालतो. तिची हकीगत रविवारच्या सभेत प्रार्थनेच्या निमित्तानं सगळ्यांना सांगायची नाही. ही शेवटची सूचना सर्वांत कठीण, कारण मंडळीत एकमेकांची सुखदुःखं सांगणं हेच तर चाललेलं असतं.

यात एक अवघडलेपण कायम राहतं, ते लपवण्यात अर्थ नाही. मदत करणारे बहुधा स्वतःच्या घरात राहणारे, पेन्शन असलेले, पन्नाशी-साठीचे. मदत घेणारी बाई तिशीची, तीन पाळ्यांचं गणित जमवणारी. तिला जमाखर्च लिहायला शिकवण्यात थोडा विनोद आहे. दिवसाला वीस डॉलरमध्ये तीन माणसांचं भागवणारी बाई पैशाच्या बाबतीत शिकवणाऱ्यापेक्षा कच्ची असण्याची शक्यता कमी. चांगले पाठीराखे हे लवकर ओळखतात आणि वही बाजूला ठेवून फोन हातात घेतात.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच रस्त्यावर

या योजनेत ज्येष्ठांचं नाव कुटुंबांच्या बरोबरीनं घेतलं होतं, ही मला दूरदृष्टीची गोष्ट वाटते. २००५ मध्ये बेघर म्हातारी माणसं हा फारसा चर्चेचा विषय नव्हता. आज आहे. केंद्रीय गृहनिर्माण खातं दरवर्षी जानेवारीतल्या एका रात्री देशभर शिरगणती करतं. २०२४ च्या त्या रात्री ७,७१,४८० माणसं बेघर मोजली गेली, आदल्या वर्षापेक्षा १८ टक्के जास्त. मुलंबाळं असलेल्या कुटुंबांतल्या माणसांची वाढ तर ३९ टक्के. आणि एकूण बेघरांत दर पाचामागे एकजण पंचावन्नच्या पुढचा.

यातले सगळे जन्मभर भटकलेले नाहीत. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठानं केलेली मोठी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात पन्नाशीच्या पुढच्या बेघरांपैकी ४१ टक्के माणसं पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच बेघर झालेली निघाली. म्हणजे आयुष्यभर काम केलं, भाडं भरलं आणि मग नवरा वारला, गुडघे गेले, घरमालकानं इमारत विकली. याच पाहणीमागच्या डॉक्टर मार्गॉट कुशेल यांनी आधी ओकलंडमधल्या अभ्यासात दाखवलं होतं की पन्नाशीतल्या बेघर माणसांचं पडणं, विसरणं, कपडे घालता न येणं हे सत्तरी-ऐंशीतल्या घरवाल्या माणसांसारखं असतं.

त्यांच्या पैशाचं गणित आईपेक्षा वेगळं आणि एका अर्थानं जास्त निर्दय आहे. ज्यांच्याकडे दुसरं फारसं उत्पन्न नाही अशा वृद्ध आणि अपंगांना ‘एसएसआय’ नावाचा केंद्र सरकारचा भत्ता मिळतो. २०२५ मध्ये एकट्या माणसाला तो महिन्याला जास्तीत जास्त ९६७ डॉलर होता. त्याचे ३० टक्के म्हणजे २९०. एवढ्या भाड्यात खुल्या बाजारात काही मिळत नाही. मग साठवून डिपॉझिट जमवावं? तर या भत्त्याची अट अशी की तुमच्याकडे २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक असता कामा नये. हा आकडा १९८९ पासून बदललेला नाही. पै-पै साठवणाऱ्याचा भत्ताच बंद होऊ शकतो.

आणि इथं भोळ्या मदतीचा फटका बसतो. एखाद्या दयाळू गृहस्थानं ‘आजी, तुमचं भाडं मी भरतो’ म्हणून परस्पर घरमालकाला पैसे दिले, तर सरकारी नियमानं ते आजींना मिळालेलं निवाऱ्याचं साहाय्य ठरतं आणि भत्ता जवळजवळ एक तृतीयांशापर्यंत कापला जाऊ शकतो. सप्टेंबर २०२४ पर्यंत तर कुणी नियमित जेवण दिलं तरी ते धरलं जाई. त्यानंतर अन्न या हिशोबातून वगळलं. संस्थेनं गरज तपासून दिलेल्या मदतीचे नियम वेगळे आहेत. म्हणून जाणती संस्था मध्ये असणं महत्त्वाचं. मंडळीच्या अंगी प्रेम असतं, नियमांची पुस्तिका नसते.

ज्येष्ठांना खरा आधार मिळतो तो सरकारी अनुदानाच्या घरांचा. १९५९ च्या गृहनिर्माण कायद्यातलं २०२ वं कलम खास वृद्धांच्या घरांसाठी आहे आणि त्याखाली देशभर उभ्या राहिलेल्या इमारतींपैकी कितीतरी चर्चशी जोडलेल्या ना-नफा संस्थांनी बांधल्या आहेत. दुसरा मार्ग भाड्याच्या व्हाउचरचा. व्हाउचर असेल तर भाडेकरूनं साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के भरायचे, उरलेलं सरकार भरतं. मात्र पात्र असलेल्या दर चार कुटुंबांमागे जेमतेम एकाला केंद्राची भाड्याची मदत मिळते, बाकीचे यादीत. वर्षं जातात. शेवटी व्हाउचर हातात पडलं की घड्याळ सुरू होतं: घर शोधायला सुरुवातीला किमान साठ दिवसांची मुदत, मग वाढवून मिळाली तर मिळाली. पाय दुखणारी, ईमेल न वापरणारी सत्तरीची बाई साठ दिवसांत किती घरं पाहील? ‘व्हाउचरवाले नकोत’ असं म्हणणं कोलोरॅडोत २०२१ पासून बेकायदा आहे, पण फोन न उचलणं कुठल्याच कायद्यात बसत नाही. इथं गाडी आणि मोबाइल असलेला एक निवृत्त पाठीराखा दहा समुपदेशकांचं काम करतो.

आणखी एक बारीकशी गोष्ट. भाड्याच्या अर्जात ‘तातडीच्या वेळी कुणाला कळवावं’ असा रकाना असतो. कुटुंब तुटलेल्या म्हाताऱ्या माणसाचा पेन तिथं थांबतो.

थोरली बहीण: फॅमिली प्रॉमिस

मंडळ्यांना बेघर कुटुंबांच्या कामात आणण्याची कल्पना डेन्व्हरची नव्हे. न्यू जर्सीतल्या कॅरन ओल्सन या मार्केटिंगमध्ये नोकरी करणाऱ्या बाई. १९८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मीटिंगला जाताना त्यांनी रस्त्यावरच्या एका बेघर बाईला सँडविच घेऊन दिलं आणि तिच्याशी बोलत थांबल्या. त्या बोलण्यातून सुरू झालेलं काम वाढत गेलं. आपल्याच गावाभोवती बेघर कुटुंबं आहेत हे कळल्यावर त्यांनी १९८६ मध्ये अनेक मंडळ्यांना एकत्र बांधलं. रीत अशी: दहा-बारा मंडळ्यांचं वर्तुळ करायचं, प्रत्येकीनं पाळीपाळीनं एक आठवडा तीन-चार कुटुंबांना आपल्या इमारतीत झोपायला जागा आणि जेवण द्यायचं. लहान मुलांच्या धर्मवर्गाच्या खोल्यांत रात्री घडीच्या खाटा. रविवार आला की सामान गाडीत आणि पुढच्या चर्चला. दिवसा एका केंद्रात आंघोळ, फोन, नोकरीचे अर्ज. आज ‘फॅमिली प्रॉमिस’ या नावानं ही संस्था देशभर पसरली आहे आणि तिच्यात चर्चांबरोबर सिनेगॉग आणि मशिदीही आहेत.

यातली मेख लगेच दिसते. दर रविवारी बिऱ्हाड हलवणारं मूल घरी कसं आलं म्हणायचं? कोविडमध्ये २०२० साली अनोळखी स्वयंसेवकांसोबत एका छताखाली झोपणं बंद पडलं आणि अनेक शाखा एकाच ठिकाणी स्थिर निवारा देऊ लागल्या. ती सक्तीची सुधारणा होती असं मला वाटतं. डेन्व्हरची योजना यापेक्षा एक पाऊल पुढं होती, कारण तिथं कुटुंब चर्चमध्ये यायचं नव्हतं, मंडळीनं कुटुंबाच्या घरी जायचं होतं.

जेवणाआधी प्रवचन

धर्म आला की शंका येणारच. जुन्या रेस्क्यू मिशनांची, म्हणजे बेघरांना जेवण आणि निवारा देणाऱ्या ख्रिस्ती संस्थांची, पद्धत ठरलेली असे: आधी प्रवचन, मग सूप. अमेरिकन राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारला धर्माच्या पाठीशी उभं राहायला मनाई करते. मग सरकारी योजनेत चर्च कशी? १९९६ च्या समाजकल्याण सुधारणा कायद्यानं आणि २००१ मध्ये बुश यांनी व्हाइट हाउसमध्ये उघडलेल्या खास कार्यालयानं वाट रुंद केली: धार्मिक संस्थेला सरकारी पैसा घेता येतो, पण तो उपासनेवर किंवा धर्मप्रसारावर खर्च करता येत नाही, प्रार्थनेला येणं ऐच्छिक असावं लागतं आणि धर्म पाहून कुणाला नाकारता येत नाही.

कागदावर हे ठीक आहे. पण ज्या माणसानं तुमचं डिपॉझिट जमवायला मदत केली तो म्हणाला, ‘रविवारी येता का, जबरदस्ती नाही’, तर ‘नाही’ म्हणायला किती धीर लागेल? इथं नियम तोकडे पडतात, फक्त शहाणपण चालतं. आपल्या मंडळीत आणण्यासाठी नव्हे तर शेजारी म्हणून जाणारे पाठीराखे असतात, आणि दुसऱ्या प्रकारचेही असतात.

मग उपयोग झाला का?

डेन्व्हरची दहा वर्षं २०१५ मध्ये संपली. बेघरपणा संपला नाही. शहरात नोकऱ्या आल्या, माणसं आली, भाडी वर गेली. एकेका कुटुंबाला किल्ली मिळत होती तेव्हा दुसऱ्या बाजूनं नवी कुटुंबं बाहेर पडत होती. मेंटॉरिंगनं किती फरक पडला हे वेगळं काढणंही सोपं नाही: अशा उपक्रमांत बहुधा ज्यांना थोडं तरी उत्पन्न आहे, व्यसनाचा मोठा प्रश्न नाही अशांनाच निवडतात आणि अशांपैकी काहीजण पाठीराख्याशिवायही तरले असते.

याउलट कशानं नक्की फरक पडतो हे मोजलं गेलं आहे. केंद्रीय गृहनिर्माण खात्यानं बारा ठिकाणच्या २,२८२ बेघर कुटुंबांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वेगवेगळ्या गटांत वाटलं आणि तीन वर्षं त्यांचा माग ठेवला. काहींना कायमचं भाडे-व्हाउचर, काहींना थोड्या महिन्यांपुरतं भाडं, काहींना समुपदेशन आणि सेवांसह तात्पुरतं घर, काहींना नेहमीचंच. नुसतं व्हाउचर मिळालेल्या कुटुंबांत पुन्हा बेघर होण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं, मुलांच्या शाळा कमी बदलल्या, घरातली मारहाण कमी झाली. आईवडिलांचं कामाचं प्रमाण थोडं घटलं, हेही त्यातच नोंदलं आहे. सेवा आणि समुपदेशनानं भरलेली तात्पुरती घरं व्हाउचरच्या जवळपासही आली नाहीत. खुद्द डेन्व्हरमध्ये २०१६ पासून वारंवार तुरुंगात जाणाऱ्या एकट्या बेघर माणसांना कुठलीही अट न घालता घर आणि सोबत लागतील त्या सेवा देण्याचा प्रयोग झाला. तीन वर्षांनी त्यांतले ७७ टक्के घरात टिकून होते. हा ‘आधी घर’ विचार सॅम त्सेम्बेरिस यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केला होता.

हे वाचून पाठीराखे निरुपयोगी असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही, पण त्यांची जागा नीट ठरवायला हवी. भाडं १,५०० आणि ऐपत ७५० असेल तर मधले ७५० कुठल्याही पाठीराख्याच्या सल्ल्यानं भरून निघत नाहीत. ते सरकारच्या व्हाउचरनं तरी भरतील किंवा स्वस्त घरं बांधून तरी. साठ दिवसांत घर शोधणं, रकान्यात नाव लिहायला माणूस असणं, गिअरबॉक्स गेल्यावरचा फोन, हे मात्र सरकारी कचेरीला जमत नाही, कारण तिथल्या एका समाजसेविकेच्या टेबलावर कितीतरी कुटुंबांच्या फायली असतात आणि मंडळीतल्या सहा जणांकडे एकच कुटुंब असतं.

अलीकडे काही मंडळ्यांना कळून चुकलं आहे की त्यांच्याकडे पाठीराख्यांपेक्षा मोठी एक वस्तू पडून आहे: जमीन. रविवारची हजेरी घटते आहे, पार्किंगची जागा आठवड्याचे सहा दिवस रिकामी. बर्कलीतल्या टर्नर सेंटर या गृहनिर्माणावरच्या संशोधन केंद्रानं कॅलिफोर्नियात धर्मसंस्थांच्या मालकीची, बांधता येईल अशी सुमारे ४७ हजार एकर जमीन मोजली. २०२३ मध्ये तिथल्या विधिमंडळानं कायदा केला की अशा जमिनीवर धर्मसंस्थेला परवडणारी घरं बांधायची असतील तर वेगळं झोनिंग, म्हणजे कुठल्या जागेवर काय बांधता येईल याचा नियम, बदलून घेण्याची गरज नाही. या चळवळीला लोक ‘देवाच्या परसात चालेल’ अशा अर्थाच्या नावानं ओळखतात. स्वस्त घरांच्या प्रस्तावाला शेजारी कायम म्हणत आले ‘माझ्या परसात नको’, त्यावरची ती कोटी आहे. कायद्यातली कळीची तरतूद त्या शेजाऱ्यांसाठीच आहे. पूर्वी अशा इमारतीसाठी जनसुनावणी व्हायची आणि तिथं रहदारी, पार्किंग, ‘परिसराचा पोत’ यांवर रात्री उशिरापर्यंत भाषणं चालायची. बेघर कुटुंबासाठी आनंदानं गाद्या गोळा करणारी माणसंही त्यात असायची. आता नियमांत बसणाऱ्या प्रस्तावासाठी ती सुनावणीच घ्यावी लागत नाही.